वाडग्यातला ताप

वाडगा उपडा झाला आणि आतले पाणी खाली पडले नाही.

वाडगा काशाचा होता, घरचाच, काळुरामच्या फळीवरचा. त्यात विहिरीचे पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ओतले होते. ओतले तेव्हा ते चांगले खळखळणारे पाणी होते. आता त्याचा हिरवट, थलथलीत गोळा होऊन तो बुडाला चिकटून बसला होता. भगव्या कफनीतल्या बाबांनी हात उंच करून वाडगा हलवला, पुन्हा हलवला. थेंब पडेना.

"धरला! पोरीचा ताप धरला!"

अशी आरोळी उठली आणि काळुरामच्या अंगणात जमलेले कोलशेत गाव चिखलात आडवे झाले. आश्विनातला खाडीकाठचा चिखल होता तो. त्यात पाय रुतला तर माणूस वर येतो, वहाण येत नाही. पण भक्तीला वहाणेची पर्वा नसते. मी तेवढा छत्री टेकून उभा राहिलो. एक तर माझे धोतर स्वच्छ होते, आणि दुसरे म्हणजे लोटांगण घालण्याजोगे काही मला दिसले नव्हते.

बाबांचे नाव श्री जलबंधनाथ. मुक्काम हिमालय, असे ते स्वतःच सांगत. पोट मात्र कंदमुळांवर वाढलेले दिसत नव्हते.

"बच्चा! समिंदर का जहर है ये, समिंदर का! हमने खींच लिया! बारा बरस बरफ में खडा रहा, तब मय्या प्रसन्न हुई!"

बाबा हिंदुस्थानीत बोलत. कोलशेतात ती कोणाला धड येत नव्हती, म्हणूनच ती देवाची भाषा ठरली होती. मय्या काय म्हणते ते दर खेपेला बदले. मागच्या खेपेला तिला कोंबडी हवी होती, आज तुपातला शिरा हवा होता. मय्येला आणि बाबांना भूक नेमकी एकाच वेळी कशी लागते, हे विचारायला गावाला सवड नव्हती. गाव चिखल पुसत होते.

खाटेवर लक्ष्मी पडली होती. काळुरामची एकुलती एक पोर, असेल नऊ-दहा वर्षांची. हातांच्या काड्या झालेल्या, डोळे पिवळे, आणि डाव्या बरगडीखाली पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पोट टणक झालेले. तिच्याकडे पाहिले आणि माझे हसू गेले.

मी ठाण्यात वैद्यकी करतो. लक्ष्मीला झाला होता तो हिवताप, त्यातली तिजारी. एक दिवस हुडहुडी भरते, ताप चढतो, मग घाम सुटून आपोआप उतरतो. दुसरा दिवस मोकळा जातो. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यावर माझ्या सगळ्या काढ्यांपेक्षा कोयनेलची, म्हणजे साहेबाच्या क्विनीनची, पूड लागू पडते, हे मी पाहिले आहे, म्हणून मी ती देतो. ठाण्यातले इतर वैद्य यावरून माझी टवाळी करतात. करोत बापडे. त्यांचे रोगी शास्त्रोक्त रीतीने स्मशानात जातात, माझे कडू तोंडाने घरी जातात.

लक्ष्मीसाठी मी पुड्या दिल्या होत्या. तिच्या तोंडावरूनच कळत होते की तिला त्या मिळाल्या नव्हत्या.

"पुड्या कुठे आहेत?" मी काळुरामला विचारले.

काळुराम मिठागरात राबणारा दणकट गडी, पण त्याने मान खाली घातली आणि बहिणीकडे पाहिले. आवडाबाई त्याची थोरली बहीण. स्वतः विधवा. भावजय वारल्यापासून लक्ष्मीचे सगळे तीच करत होती.

"खाडीन टाकल्या," ती म्हणाली. "माजे गोविंदाला तुमची ती कडू माती दिलती. गेला तो. बाबा म्हनतान, पोटान कोयनेल नसती तं पोर वाचता."

गोविंदा तिचा मुलगा. भाद्रपदात गेला. मला ते ठाऊक होते.

"आवडाबाई, त्याने एकच पुडी घेतली होती. बाकीच्या तुम्ही बाबांच्या सांगण्यावरून बंद केल्यात."

"एकच तं पुरली!" ती ओरडली. "या पोरीला मी नाय देनार. घरोघरी सांगून आलेय मी, त्या विलायती भुकटीला कोनी शिवू नका म्हनून."

"विलायती नव्हे हो. झाडाची साल आहे ती. आता तर आपल्याकडे निलगिरीच्या डोंगरात सरकारने त्या झाडाचे मळे लावलेत. तुम्ही तापावर काडेचिराईत उकळून पिता ना? ते कडू, हेही कडू. ते झाडाचे, हेही झाडाचे."

"झाडाचं औषध वेगलं आनि देवाचा हात वेगला," गावचा पाटील महिपत मध्येच म्हणाला. गावात शहाणपणाची तेवढी टंचाई होती, म्हणून ती तो भरून काढत असे. "वैदबुवा, तुमी उद्याला या. पोर खेलताना दिसंल."

"उद्या खेळेलच. उद्या तापाचा दिवस नाही. परवा काय कराल?"

"परवा बाबा पुन्हा काढतील!"

घ्या. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी तसे हे. ताप घामाने उतरायच्या सुमारास बाबा येत, वाडगा मांडत, आणि उतरत्या तापाचे पुण्य आपल्या पदरात पाडून घेत. ताप परत आला की मय्या रुसली, शिरा कमी पडला. काही झाले तरी बाबांचे ताट भरलेलेच.

पण वाडग्यातले पाणी गोठत कसे होते, ते मला त्या दिवशी कळले नाही, आणि न कळल्याचा मला राग आला.

बाबांनी गावाला सांगितलेले शास्त्र असे. मिठागरातली माणसे जन्मभर खाऱ्या पाण्यात उभी राहतात. ते पाणी अंगात मुरते. आत ऊन नाही, म्हणून ते धरत नाही, म्हणजे घट्ट होत नाही, आणि हुडहुडी भरते. बाबा ते पाणी भगव्या फडक्याने पोटावरून ओढून वाडग्यात पिळतात आणि मंत्राने धरायला लावतात. दुसऱ्या कोणत्या गावात हे सांगितले असते तर लोकांनी कान खाजवले असते. इथे मात्र ते सगळ्यांना चटकन पटले. या माणसांनी आयुष्यभर एकच नवल पाहिलेले: वाफ्यात कोंडलेले पाणी उन्हाने घट्ट होते आणि त्याचे मीठ होते. पाणी घट्ट झाले म्हणजे ते खाडीचेच, यापलीकडे त्यांची अक्कल जायला तयार नव्हती. बाबांनी फक्त एक बंदी घातली होती. वाडग्यातले कोणी चाखायचे नाही. जो चाखेल त्याला तोच ताप लागेल.

निघताना काळुराम बांधापर्यंत पोहोचवायला आला.

"पोर वाचंल ना, वैदबुवा?"

"अशा आणखी थोड्या पाळ्या आल्या तर नाही वाचणार. तू बाप आहेस ना तिचा? धर नाक आणि घाल पुडी."

तो म्हणाला, "मना तं कलतंय थोडं थोडं. पन बहिनीला कसा सांगू? बाबा खोटा ठरला, तं तिचे गोविंदाला कोनी मारला मग?"

मी त्याच्यावरच खेकसलो आणि चालू लागलो.

ठाण्याची वाट टेकडीच्या पायथ्याने जाते. तिथेच बाबांनी झोपडी थाटली होती. खाडीकाठी देवळाजवळ चांगली जागा असताना हा माणूस टेकडीच्या काट्याकुट्यात का राहतो, हे मला कोडे होते. झोपडीमागे एक जुने कुंपण होते, आणि त्यावर एक वेल माजली होती. माजली होती म्हणजे एके काळी. आता निम्मे कुंपण उघडे पडले होते. शेळ्यांनी खाल्ले असते तर खालून ओरबाडलेले असते. इथे पाने एकेक करून, हात पोहोचेल तिथपर्यंत खुडलेली होती. वर, हाताच्या पलीकडे, ती तशीच लवलवत होती.

मी छत्रीच्या मुठीने एक फांदी ओढली आणि कपाळावर हात मारला. वासनवेल! वैद्य असून मला हे सुचू नये? उष्णतेवर हिच्या पाल्याचा रस मीच देत आलो आहे, खडीसाखर घालून. पाला पाण्यात कुस्करून गाळला आणि वाडगा हलवला नाही, तर थोड्या वेळात त्या पाण्याचा थिजून गोळा होतो. वर खडवलीकडच्या रानात गुराखी पोरे हा खेळ खेळतात. त्याच वेलीने ती मोळ्या बांधतात. पण खाऱ्या जमिनीत तिवराच्या झुडपांशिवाय काय उगवते? कोलशेतच्या मिठागरवाल्यांना ही वेल कोण दाखवणार? बाबांनी गाव अचूक निवडले होते. हिमालयातून थेट कोलशेतला येण्याचे कारण मला आता कळले.

दोन दिवसांनी लक्ष्मीच्या तापाचा दिवस आला. मी पोहोचलो तेव्हा खाटेभोवती पुन्हा गाव होते. बाबा ओले भगवे फडके घडी करून तिच्या पोटावर चोळत होते, वाडग्यात बुडवत होते, पिळत होते. पोर डोळे मिटून कण्हत होती.

"खींचो मय्या, खींचो! निकल, समिंदर के बच्चे, निकल!"

पिळून झाल्यावर वाडगा खाली ठेवून बाबांनी जप सुरू केला. जप लांबलचक होता. लांब असणे भागच होते, कारण पाला आपल्या वेळेने थिजतो, त्याला मय्येची घाई नसते.

"थांबा," मी म्हणालो. "मलाही एक ताप काढायचा आहे."

"किसका?" बाबा म्हणाले.

मी अंगणातला कपडे धुवायचा दगड दाखवला. "याचा. बिचारा कधीपासून थंडगार पडलाय."

कोणी हसले नाही. हसायला सुद्धा थोडी अक्कल लागते. मी दुसरा वाडगा मागून घेतला, त्यात विहिरीचे पाणी घेतले, घरून घडी घालून आणलेले उपरणे भिजवले आणि दगड खसखसून चोळला. मग उपरणे वाडग्यात पिळले. मंत्र काही मला येत नव्हता, म्हणून काढ्याचे साहित्य सुरात म्हटले: सुंठ, मिरे, पिंपळी, ज्येष्ठमध, पुन्हा सुंठ. शेवटी वाडगा उचलला आणि उपडा केला. पडले नाही.

मी वाडगा सरळ केला, खिशातली खडीसाखर त्यात चुरली आणि दगडाचा हिवताप बोटांनी खाऊन टाकला. मग उपरणे उघडून दाखवले. आत चोळामोळा झालेला हिरवा पाला होता.

"हा पाला. बाबांच्या झोपडीमागच्या कुंपणावरचा. कोणीही आणा, कोणीही करा. यात ना मय्या आहे, ना समिंदर."

आता डोळे उघडतील, अशी माझी समजूत. गाढवापुढे वाचली गीता! महिपत पाटील पुढे आला आणि सरळ माझ्या पायांवर पडला.

"वैदबुवा! दगडाचा ताप काढलात! आनि गिलून टाकलात! तुमी एवढं मोठं सिद्ध, आमाला ठावं नव्हतं हो!"

"अरे, पाला आहे पाला!"

"पाला तं निमित्त," महिपत म्हणाला, आणि मागून कोणीतरी नारळ फोडला. बाया माझ्या पायांवर पाणी घालू लागल्या. मी मागे सरकलो तर त्या पुढे सरकल्या. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. या लोकांना खोट्यातून ओढून काढावे तर ते ओढणाऱ्यालाच मखरात बसवतात.

बाबा कसलेले होते. त्यांनी लगेच डाव उचलला. "देखा? ये वैद भी हमारा ही चेला है! मय्या ने उसको थोडी विद्या दी है, थोडी!"

"जय हो!" गाव म्हणाले. आम्हा दोघांचा.

एव्हाना बाबांचा वाडगाही थिजला होता. त्यांनी तो उचलायला हात घातला, आणि मी शेवटचा उपाय म्हणून ओरडलो, "मिठागरवाले ना तुम्ही? मग मिठाची पारख कशी करता? डोळ्यांनी की जिभेने? पोरीच्या अंगातले खारे पाणी आहे ना हे? मग चाखा ना एकाने तरी!"

कोणी हलले नाही. बाबांनी डोळे वटारले. "जो चखेगा, वो मरेगा!"

"मी चाखते."

आवडाबाई होती. ती मला खरे करायला पुढे आली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. ती बाबांना खरे करायला आली होती.

"खारटच असंल," ती मला म्हणाली. "मंग तोंड बंद कराल ना तुमी? मना ताप लागला तं लागू दे. मागं रडनारा कोन राह्यलाय?"

"ए माई, मर जाएगी!" बाबा वाडगा ओढू लागले. तिने तो हातातून काढून घेतला, बोट घातले आणि जिभेवर ठेवले.

या बाईने जन्मभर वाफ्यातले पाणी चाखून सांगितले होते की मीठ आज धरेल की उद्या. तिने पुन्हा बोट घातले. मग ती खाटेशी गेली, लक्ष्मीच्या कपाळावरचा घाम बोटावर घेतला आणि तोही जिभेला लावला.

"पोरीचा घाम खारट हाय," ती म्हणाली. "यो अलनी हाय. यो पोरीचे अंगातला नाय."

माझा दगड, माझी खडीसाखर, माझी उपरण्यातली पाने, यांपैकी कशाने जे झाले नव्हते ते त्या एका शब्दाने झाले. अळणी म्हणजे काय, ते या गावाला कोणी समजावून द्यायला नको होते. लोक एकमेकांकडे पाहू लागले. महिपतने वाडग्यात बोट घालून चाखले आणि घाईघाईने धोतराला पुसले.

आवडाबाईने बाबांच्या मांडीवरचे भगवे फडके धरले.

"अहो बाई, सोडा! फाटेल ना!" बाबा म्हणाले. स्वच्छ मराठीत. बारा वर्षांचा हिमालय एका हिसक्यात वितळला. फडके खरेच फाटले आणि ओला हिरवा पाला चिखलात पडला. तिने तो उचलला, हुंगला, माझ्या उपरण्यातल्या पाल्याशेजारी धरून पाहिला.

"माजे गोविंदाचे पोटातून काय काढलास तू?" तिने विचारले.

बाबा खडावा शोधत होते.

"बोल ना. काय काढलास?"

त्याने काय सांगायचे? तो बांधावरून टेकडीकडे पळत सुटला. ज्यांनी त्याला शिरा वाढला होता तेच आता दगड घेऊन त्याच्या मागे धावले, सर्वांच्या पुढे महिपत. मला या शौर्याचे मुळीच कौतुक वाटले नाही. डोके न वापरता पाया पडणारा माणूस डोके न वापरताच दगड मारतो. ठाण्याच्या बाजूला पोलिसांनी त्या भोंदूला धरले असे नंतर कळले. खडावा मात्र चिखलात राहिल्या त्या राहिल्याच.

अंगणात आम्ही तिघे आणि ती पोर एवढेच उरलो. काळुराम मला खुणा करत होता. त्या मला कळत होत्या. आता बहिणीला सांगा, गोविंदाचे आयुष्यच तेवढे होते म्हणून.

"वैदबुवा," आवडाबाईने विचारले, "पुड्या सगल्या घेतल्या असत्या, तं माजा पोर वाचता?"

खोटे बोलणे सोपे होते. पण खोट्याने त्या घरातला एक मुलगा आधीच नेला होता.

"बहुधा वाचला असता," मी म्हणालो.

ती खाली बसली. रडली नाही. काळुराम तिच्या पाठीवर हात ठेवून स्वतःच रडू लागला. मला तिथे उभे राहवेना आणि निघवेना. मघापर्यंत मी या बाईचा मनातून तिरस्कार करत होतो. आता तो करता येईना. तो सगळा तिला फसवणाऱ्याकडे आणि तिच्या भोवती हात जोडून उभ्या राहणाऱ्यांकडे गेला.

मग तिने हात पुढे केला. "पुडी द्या."

मी दिली. ताप उतरल्यावरच ती द्यायची असते, म्हणून तोवर तिने ती मुठीत धरून ठेवली. मग कागद सोडला, चिमूटभर पूड स्वतःच्या जिभेवर टाकली आणि तोंड वाकडे केले.

"कडू म्हनलात तं कडूच हाय," ती म्हणाली. तिने लक्ष्मीचे नाक दाबले आणि उरलेली पुडी तिच्या घशात उतरवली.

लक्ष्मी जगली. दिवाळीनंतर वाफे भरले तेव्हा ती बांधावरून पळताना मी पाहिली. आवडाबाई त्या पावसाळ्यात ज्या ज्या घरी कोयनेल टाकून द्यायला सांगून आली होती, त्या त्या घरी पुन्हा गेली आणि आपल्या तोंडाने सांगून आली की मी चुकले, पोरांना पुड्या द्या. असे करायला काय लागते ते मी सांगू शकत नाही. महिपतने मात्र मला बाजूला घेऊन कळवले की हा बाबा खोटा निघाला खरा, पण खडवलीकडे एक नवा आलाय, तो म्हणे अस्सल आहे.

तर वाचकहो, तोही येईल, आणि तुमच्या गावातही येईल. तो तुम्हाला एखादे पान, एखादे मूळ, एखादी राख दाखवेल आणि म्हणेल, हात जोडा पण विचारू नका. पानात गुण असतात. ते ज्याला हवेत त्याला मिळतात, त्यासाठी कफनी घालावी लागत नाही. जो माणूस म्हणतो की शंका घेतलीस तर मरशील, त्याच्यावर सर्वांत आधी शंका घ्या. तुम्ही शेतकरी असाल, सोनार असाल, मिठागरवाले असाल, आपल्या धंद्यात तुम्हाला कोणी सहज फसवू शकत नाही, कारण तिथे तुम्ही कसोटी लावल्याशिवाय काही घेत नाही. तीच कसोटी अंगणात आलेल्या बाबाला लावा. वेळेवर लावा. आवडाबाईची जीभ भाद्रपदातही तीच होती. फक्त तेव्हा तिला कोणी चाखू दिले नाही.